पन्हाळ्याचा काळा कातळ आणि रियुनियनचा धगधगता डोंगर: ४,६०० किलोमीटरवरचं नातं काय?

कोल्हापूरहून वाघबीळमार्गे पन्हाळ्याला जाताना डोंगर कापून रस्ता काढलेला आहे. तिथल्या कड्याकडे नीट पाहिलं, तर दगड एकसंध नसल्याचं लक्षात येतं. एकावर एक आडवे थर रचलेले दिसतात. कुठे काळाभोर टणक कातळ, कुठे भोकाभोकांचा ठिसूळ दगड आणि मध्येच विटेसारखी लालसर पट्टी.

हा प्रत्येक थर म्हणजे कधीकाळी वाहत आलेला लाव्हा आहे. हा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं जुना आहे. त्याला जन्म देणारी आग मात्र अजून विझलेली नाही. कोल्हापूरपासून सुमारे ४,६०० किलोमीटर नैऋत्येला, हिंदी महासागरातल्या एका छोट्या बेटावर ती आजही जमिनीबाहेर येते, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात.

त्या बेटाचं नाव रियुनियन आणि त्यावरच्या ज्वालामुखीचं नाव पितों द ला फुर्नेज, म्हणजे 'भट्टीचं शिखर'. हा ज्वालामुखी कसा वागतो हे कळलं, की पन्हाळ्याचा आणि जोतिबाचा डोंगर वाचता येतो.

ही 'भट्टी' नेमकी कुठे आहे?

रियुनियन हे मादागास्करच्या पूर्वेला आणि मॉरिशसच्या नैऋत्येला असलेलं बेट. त्याच्यावर फ्रान्सचं शासन आहे. क्षेत्रफळ साधारण २,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास.

संपूर्ण बेटच ज्वालामुखीने बांधलेलं आहे. समुद्राच्या तळापासून मोजलं तर या डोंगराची उंची सुमारे ७ किलोमीटर भरते. त्यातला बहुतेक भाग पाण्याखाली आहे. बेटावर दोन मोठे ज्वालामुखी आहेत. वायव्येचा पितों दे नेज ३,०७० मीटर उंच असून हजारो वर्षांपासून शांत आहे. आग्नेयेचा पितों द ला फुर्नेज सुमारे २,६३० मीटर उंच आहे आणि जगातल्या सर्वांत जास्त वेळा उद्रेक होणाऱ्या ज्वालामुखींमध्ये त्याची गणना होते.

सतराव्या शतकात तिथे वस्ती झाल्यापासून त्याच्या दीडशेहून अधिक उद्रेकांची नोंद आहे. मधल्या काळात तो काही वर्षं गप्पही बसतो. १९९२ नंतर तो सहा वर्षं शांत होता. मार्च १९९८ मध्ये जागा झाला आणि सहा महिन्यांहून अधिक काळ धगधगत राहिला. त्यानंतर बरीच वर्षं त्याने वर्षाला सरासरी दोन उद्रेक केले.

हा ज्वालामुखी वागतो कसा?

ज्वालामुखी म्हटलं की शंकूसारखा डोंगर, त्याच्या टोकातून उडालेला स्फोट आणि आकाशभर राख असं चित्र डोळ्यांसमोर येतं. इंडोनेशियातल्या क्राकाताऊचा १८८३ मधला उद्रेक तसा होता. तिथला शिलारस घट्ट असतो, त्यात वायू कोंडतो आणि मग स्फोट होतो.

फुर्नेजची तऱ्हा वेगळी आहे. इथला शिलारस बेसॉल्ट प्रकारचा, म्हणजे सिलिका कमी असलेला आणि पातळ. बाहेर येताना त्याचं तापमान ११०० अंश सेल्सिअसच्या पुढे असतं. पातळ असल्यामुळे त्यातला वायू सहज निसटतो, मोठा स्फोट होत नाही आणि लाव्हा उतारावरून वाहत जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे लाव्हा दरवेळी शिखरातूनच येत नाही. डोंगराच्या कुशीला लांब भेग पडते आणि त्या भेगेतून लाव्ह्याची कारंजी उडतात. पुढचा उद्रेक दुसऱ्याच ठिकाणच्या भेगेतून होऊ शकतो.

सुदैवाने यातले बहुतेक उद्रेक एका ठरावीक जागेत होतात. शिखराभोवती घोड्याच्या नालेसारखा मोठा खोलगट भाग आहे. त्याला तीन बाजूंनी उंच कडे आहेत आणि पूर्वेला तो समुद्राकडे उघडतो. लाव्हा या कड्यांच्या आत राहतो. त्या भागात वस्ती नाही. फक्त समुद्राकाठचा महामार्ग तिथून जातो आणि लाव्ह्याने तो अनेकदा गिळलेला आहे.

१९७७: लाव्हा गावात शिरला तेव्हा

कड्यांच्या आतच उद्रेक होणार, हा भरवसा एप्रिल १९७७ मध्ये मोडला. त्या वेळी कड्यांच्या बाहेर, उताराच्या खालच्या भागात भेग पडली आणि लाव्हा थेट पितों सांत-रोज या गावात उतरला. गाव आधीच रिकामं केलं होतं, त्यामुळे कुणाचा जीव गेला नाही. पण अनेक घरं गेली.

गावातल्या चर्चपाशी लाव्ह्याचा लोंढा दोन्ही बाजूंनी फाकला आणि दाराशी येऊन थिजला. आज हे चर्च 'लाव्ह्याची माता' या नावाने ओळखलं जातं. त्याच्या भिंतींना खेटून गोठलेला काळा दगड अजूनही पाहता येतो.

या उद्रेकाने फ्रान्सला धडा मिळाला. तोवर या ज्वालामुखीवर कायमचं लक्ष ठेवणारी यंत्रणाच नव्हती. १९७९ मध्ये तिथे वेधशाळा उभी राहिली. उद्रेकाआधी शिलारस वर सरकू लागला की खडक तडकतात आणि लहान लहान भूकंपांची रांग लागते. डोंगर काही सेंटीमीटर, कधी त्याहून जास्त फुगतो. बाहेर पडणाऱ्या वायूंचं प्रमाण बदलतं. भूकंपमापक, उपग्रहाधारित जीपीएस आणि वायुमापक यंत्रांनी या खुणा टिपल्या जातात. शेवटच्या टप्प्यात भूकंपांची झोड उठते. तेव्हापासून लाव्हा बाहेर येईपर्यंत कधी काही तास मिळतात, तर कधी जेमतेम अर्धा-पाऊण तास. म्हणून इशारा मिळताच डोंगरावर जाणाऱ्या वाटा बंद केल्या जातात.

२००७: डोंगराचं टोक आत बसलं

एप्रिल २००७ मध्ये या ज्वालामुखीने त्याच्या नोंदवलेल्या इतिहासातला एक सर्वांत मोठा उद्रेक केला. २ एप्रिलला शिखरापासून बरंच खाली, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, त्रांब्ले गावाच्या बाजूला भेग पडली. इतक्या खाली तोंड फुटल्यामुळे डोंगराच्या पोटातला शिलारस झपाट्याने रिकामा होऊ लागला.

पोट रिकामं झालं की वरच्या छताला आधार उरत नाही. ५ एप्रिलपासून शिखरावरच्या विवराचा तळ टप्प्याटप्प्याने खचत गेला. काही दिवसांत तिथे ३०० मीटरहून खोल खड्डा तयार झाला. पन्हाळा आजूबाजूच्या सपाटीपासून जेवढा वर आहे, त्याच्या जवळपास एवढं ते विवर आत गेलं. डोंगराची पूर्वेकडची बाजूही समुद्राकडे एक मीटरहून अधिक सरकली.

महिनाभर चाललेल्या या उद्रेकातून किती लाव्हा आला? मोजण्याच्या पद्धतीनुसार उत्तर १३ ते २४ कोटी घनमीटर असं येतं. एवढा लाव्हा कोल्हापूर महानगरपालिकेच्या सुमारे ६७ चौरस किलोमीटर हद्दीत सारखा पसरला, तर त्याचा थर दोन ते साडेतीन मीटर जाड होईल. रंकाळा, ताराबाई पार्क, कसबा बावडा, सगळीकडे तळमजला दगडात गाडला जाईल.

याचा कोल्हापूरशी संबंध काय?

पृथ्वीचं कवच अनेक तुकड्यांचं बनलेलं आहे. त्यांना भूपट्ट म्हणतात आणि ते सतत सरकत असतात. काही ठिकाणी मात्र या भूपट्टांच्या खाली, खूप खोलवरून, तप्त पदार्थाचा झोत वर येतो. त्याला हॉटस्पॉट म्हणतात. भूपट्ट सरकतो, झोत मात्र जवळपास जागच्या जागी राहतो.

शिलाई मशीनचं उदाहरण घ्या. सुई एकाच जागी वरखाली होते. कापड पुढे सरकतं. टाके मात्र कापडावर एका रांगेत उमटतात. हॉटस्पॉट म्हणजे सुई, भूपट्ट म्हणजे कापड आणि ज्वालामुखी म्हणजे टाके.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारत आजच्या जागी नव्हता. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि वर्षाला १५ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे भूपट्टांच्या हिशोबाने प्रचंड वेगाने, उत्तरेकडे निघाला होता. त्या वाटेवर आजच्या महाराष्ट्राचा भाग याच हॉटस्पॉटवर आला. तेव्हा जे लाव्हे वाहिले, त्यांचा दगड आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्यालाच 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. यातला 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतल्या 'जिना' या अर्थाच्या शब्दावरून आला. सह्याद्रीचे पायऱ्या-पायऱ्यांचे डोंगर पाहिले, की हे नाव का पडलं ते वेगळं सांगावं लागत नाही.

पुरावा कशावरून?

नकाशा उघडून महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरून बोट दक्षिणेकडे न्या. लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी बेटांची आणि समुद्राखालच्या डोंगरांची रांग लागते. पुढे समुद्रातल्या एका कण्याने ही रांग तोडलेली आहे. त्या कण्याच्या पलीकडे, नैऋत्येला, ती पुन्हा सुरू होते आणि मॉरिशसमार्गे रियुनियनला पोहोचते.

१९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी खोदकाम मोहिमेतल्या जहाजाने या रांगेवर ठिकठिकाणी तळ खोदून दगड बाहेर काढले. त्यांचं वय मोजलं, तेव्हा मालदीवजवळचा दगड सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षांचा, चागोसजवळचा सुमारे ४ कोटी ९० लाख वर्षांचा आणि मॉरिशसच्या उत्तरेकडच्या नाझारेथ बँकेवरचा सुमारे ३ कोटी ३० लाख वर्षांचा निघाला. मॉरिशस बेटाचा सर्वांत जुना लाव्हा ८०-९० लाख वर्षांचा आहे. रियुनियन बेट समुद्राबाहेर आलं, त्याला २० लाख वर्षांच्या आसपास झाली. महाराष्ट्रापासून जसजसं दूर जावं, तसतसं दगडाचं वय कमी होतं.

सगळेच तज्ज्ञ या चित्राशी पूर्ण सहमत नाहीत. त्याच सुमारास सेशेल्सचा भाग भारतापासून तुटत होता. कवच ताणलं गेल्यामुळेच एवढा लाव्हा बाहेर आला, असं काही जण मानतात. तरीही दगडांच्या वयाची ही उतरती रांग हा हॉटस्पॉटच्या बाजूचा मोठा पुरावा आहे.

पन्हाळ्याच्या थरांत काय वाचता येतं?

डेक्कन ट्रॅपचे लाव्हाथर अभ्यासासाठी वेगवेगळ्या गटांत विभागले आहेत आणि गटांना ठिकाणांची नावं दिली आहेत. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी ही नावं खालून वर जातात. महाबळेश्वरच्याही वरचा, म्हणजे त्याहून नवा गट 'पन्हाळा' या नावाने ओळखला जातो. त्यानंतरच्या देसूर गटाचं नाव बेळगावजवळच्या गावावरून आलं.

या क्रमालाही अर्थ आहे. भारत उत्तरेकडे सरकत होता, म्हणून उद्रेकांची जागा भारताच्या पाठीवरून दक्षिणेकडे सरकत गेली. उत्तरेला जुने थर, दक्षिणेला नवे. कोल्हापूर-बेळगाव पट्टा हा या लाव्हाप्रदेशाचा दक्षिणेकडचा काठ. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात तर काही ठिकाणी लाव्हा विरळ होऊन त्याखालचा कितीतरी जुना वाळूदगड उघडा पडलेला दिसतो.

एका थरातही बरंच लिहिलेलं असतं. रियुनियनवर लाव्हा गोठताना वायूचे बुडबुडे वर सरकतात, त्यामुळे लाव्ह्याचा वरचा भाग सच्छिद्र होतो आणि मधला भाग घट्ट राहतो. कोल्हापूरच्या थरांतही हेच आहे. मधला टणक भाग म्हणजे काळा पाषाण. अंबाबाईचं आणि जोतिबाचं मंदिर अशाच काळ्या दगडात उभं आहे. वरचा भोकाभोकांचा भाग म्हणजे विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो खडक. अखंड काळ्या पाषाणात पाणी सापडणं कठीण. मांजऱ्या, भेगाळलेला दगड आणि दोन थरांमधली जागा यांत पाणी मुरतं आणि साठतं. विहिरीला पाणी लागणार की नाही, हे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या बुडबुड्यांवर असं अवलंबून असतं.

मधल्या लाल पट्ट्या उद्रेकांमधली शांतता सांगतात. रियुनियनच्या पूर्व बाजूला प्रचंड पाऊस पडतो. फेब्रुवारी २००७ मध्ये याच ज्वालामुखीच्या उतारावर तीन दिवसांत ३,९०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदवला गेला, आणि तो जागतिक विक्रम आहे. अशा पावसात ताजा लाव्हा झिजू लागतो. आधी दगडफूल, मग नेचे, मग झुडपं उगवतात आणि माती तयार होते. पुढे त्या मातीवर नवा लाव्हा आला, की ती भाजून निघते. सह्याद्रीतल्या अनेक लाल पट्ट्या अशाच गाडल्या गेलेल्या आणि भाजलेल्या जमिनी आहेत.

मग पन्हाळा हा विझलेला ज्वालामुखी आहे का?

नाही. हा गैरसमज बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळतो. पन्हाळ्याच्या सपाट माथ्यावरून लाव्हा बाहेर आला नाही. डेक्कन ट्रॅपचा लाव्हाही फुर्नेजसारखा प्रामुख्याने लांबच लांब भेगांतून आला. त्या भेगांत गोठलेल्या दगडाच्या भिंती नर्मदा-तापीच्या पट्ट्यात, नाशिक-पुण्याच्या बाजूला आणि कोकणात मोठ्या संख्येने सापडतात.

लाव्हा पसरला तेव्हा पन्हाळा, जोतिबा आणि भोवतालचा मुलूख हे एकच सलग पठार होतं. नंतरच्या कोट्यवधी वर्षांत पावसाने आणि नद्यांनी ते कोरून काढलं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांची खोरी खोल गेली आणि मधले तुकडे डोंगर म्हणून उरले. म्हणजे पन्हाळा वर आला नाही, आजूबाजूची जमीन खाली गेली. माथ्यावरचा जांभा हाही मूळचा लाव्हाच. ऊन-पावसाने त्यातला बाकीचा भाग धुऊन नेला, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं.

दोन्ही उद्रेक सारखेच होते का?

स्वभाव सारखा, आकार मात्र नाही. २००७ चा उद्रेक जास्तीत जास्त पाव घन किलोमीटरचा होता. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकी नावाच्या भेगेतून आठ महिन्यांत सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा आला. त्यातल्या विषारी वायूंनी गवत आणि जनावरं गेली, दुष्काळ पडला आणि त्या देशातली सुमारे एक पंचमांश माणसं मेली.

डेक्कन ट्रॅपमध्ये एकेका उद्रेकातून हजार घन किलोमीटर किंवा त्याहून जास्त लाव्हा आल्याचे अंदाज आहेत. काही लाव्हे पार आंध्रच्या किनाऱ्यावर राजमहेंद्रीपर्यंत पोहोचले. एकूण लाव्हा दहा लाख घन किलोमीटरच्या पुढे होता आणि त्यातला बहुतेक दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला. त्याच काळात डायनोसॉर नष्ट झाले. मेक्सिकोत आदळलेला लघुग्रह हे त्याचं मुख्य कारण मानलं जातं. पण डेक्कनच्या वायूंनी हवामान आधीच किती बिघडवलं होतं, यावर आजही वाद चालू आहे.

पुन्हा इथे उद्रेक होईल का?

कोल्हापूरकरांनी ही भीती बाळगण्याचं कारण नाही. सुई आता ४,६०० किलोमीटर दूर आहे आणि ती दुसऱ्याच भूपट्टाखाली आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्वालामुखीमुळे झालेला नव्हता. त्याचा संबंध जमिनीतल्या भेगा आणि धरणातलं पाणी यांच्याशी जोडला जातो. कोकणातले गरम पाण्याचे झरेही लाव्ह्याने तापलेले नाहीत. खोल मुरलेलं पाणी पृथ्वीच्या आतल्या नेहमीच्या उष्णतेने तापून वर येतं.

भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानच्या बॅरन बेटावर आहे. तो १९९१ मध्ये जवळपास दोन शतकांच्या शांततेनंतर जागा झाला. पण त्याचं कूळ वेगळं. तिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसतो, त्यातून तो पेटतो. पन्हाळ्याच्या दगडाचा भाऊबंद शोधायचा तर अंदमानात नाही, रियुनियनलाच जावं लागतं.

वाटेत मॉरिशस लागतं. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून तिथे उसाच्या मळ्यांवर राबायला गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तिथे आहेत. महाशिवरात्रीला मॉरिशसचे हिंदू ज्या गंगा तलावावर जमतात, तो तलाव एका जुन्या ज्वालामुखीच्या विवरात आहे. रियुनियन आणि मॉरिशस या दोन्ही बेटांवर झिजलेल्या लाव्ह्याच्या मातीत मुख्य पीक ऊस हेच राहिलं आहे. पंचगंगेच्या काठच्या काळ्या रानातही तोच ऊस उभा असतो. त्याच्या मुळाशी असलेली मातीही त्याच आगीतून आलेली आहे, फक्त ६ कोटी ६० लाख वर्षं आधी.